तोंड भिंतीकडे

भिंगकाका औषधाच्या दुकानातून परतले तेव्हा दुपार कलायला लागली होती. त्यांच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तान्ह्या पोराला धरावं तसं तिने ते धरलं होतं, फक्त त्याचं तोंड स्वतःपासून फिरवून ठेवलं होतं.

"जरा थांबा हं ताई. आधी आत हजेरी लावून येतो."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दाराला पांढरा पडदा, पडद्यामागे खाट आणि खाटेवर काकू. सकाळीच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एक डोळा लहानपणीच गेलेला, त्यामुळे जी काही भिस्त होती ती या दुसऱ्या डोळ्यावर. पट्टी उद्या सकाळी सुटायची होती. तोवर काकूंना रात्र काय आणि दिवस काय, सारखंच.

डॉक्टर गमत्या माणूस. सकाळी निघताना म्हणाले होते, "खराब भिंग काढून नवं बसवलंय. तुमचे मिस्टर कॅमेरे उघडतात म्हणे? त्यांना सांगा, हे उघडायला जाऊ नका. हे कायमचं."

"थेंब आणलेत. उद्यापासून घालायचे," काकांनी पडद्याआडून सांगितलं. "पट्टीला हात नाही ना लावलास?"

"दोन्ही हातांवर बसून आहे मी. आता पायांनी सोडू का पट्टी?"

काका हसत बाहेर आले.

टॉवेलातून निघाला तो अगदी नवा कॅमेरा. त्यावर बसवलेली लेन्स मात्र काकांच्या वडिलांच्या वयाची असावी. जड, पितळी, कडेचा काळा रंग बोटांनी झिजून गेलेला. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये एक कडी लागते, तीही होती. काकांनी बटण दाबून लेन्स फिरवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

"कडीचा स्क्रू सुटून कुलपाच्या खिळीत जाऊन बसलाय. घट्ट बसलीय, पण निघेल. कुठून आणलीत ही?"

"मामाच्या दुकानात होती. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं होतं, परत न्यायला आलंच नाही." ती थोडी थांबली. "काका, लेन्स फुटली तरी चालेल. कॅमेरा वाचवा. मी लहान बाळांचे फोटो काढते, त्यावरच घर चालतं. आणि महिनाभरात एकही फोटो मला कुणाला दाखवता आलेला नाही."

"धूसर येतात?"

"नाही. फार स्पष्ट येतात."

काका पुढे काही विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एकच करा. काम करताना हिचं तोंड भिंतीकडे ठेवा."

"का? लाजते की काय?"

ती हसली नाही. "ठेवाल ना?"

"ठेवतो हो," काका म्हणाले. गिऱ्हाइकांची नाना खुळं त्यांनी पाहिली होती. एक जण तर कॅमेरा देताना त्याला नमस्कार करायचा.

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. आत बसायला काही तयार होईना.

लेन्स उघडायची म्हणजे काकांची एक पद्धत होती. धुळीचा एक कण भिंगांच्या मध्ये अडकला तर सगळी मेहनत वाया. म्हणून ते आधी ओल्या फडक्याने फरशी पुसत, पंखा बंद करत आणि दुकानाचं शटर खाली ओढत. तसं त्यांनी केलं. रस्त्याचा आवाज तुटला. खोलीत आताच संध्याकाळ झाली. टेबलावरच्या दिव्याखाली पितळ तेवढं चमकत होतं आणि त्याला एक वास येत होता. बुरशीचा, बंद पेटीचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी... ओल्या लोकरीसारखा.

पातळ पोलादी पट्टी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधल्या फटीत घालून पाहिली. ती आत जाईना. मग एकच मार्ग उरला. लेन्स समोरून उघडायची, एकेक भिंग काढायचं आणि रिकाम्या नळीतून चिमटा घालून स्क्रू उचलायचा. अशा वेळी काका कॅमेरा चालू ठेवत. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत काम केलं की चिमटा कुठवर पोचला ते दिसतं, आतल्या नाजूक भागाला ओरखडा जात नाही. पण दिसायला समोर उजेड हवा. शटर ओढल्यावर घरात उजेडाची जागा एकच, मधल्या दाराचा पांढरा पडदा. आतल्या खिडकीचं ऊन त्यावर यायचं. वर्षानुवर्षं प्रत्येक कॅमेरा त्यांनी त्या पडद्याकडे तोंड करूनच तपासला होता.

हात सवयीने वळले. भिंतीची गोष्ट त्यांच्या डोक्यातून पार गेली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधलं दार उमटलं. दारात, पाठ करून, एक माणूस उभा होता.

काकांनी मान वर केली. दारात कुणी नव्हतं. पडदा स्थिर लोंबत होता.

'बुरशीचा डाग,' त्यांनी मनाशी म्हटलं. जुन्या भिंगांवर बुरशी कशीही पसरते, कधी झाडासारखी, कधी नकाशासारखी. त्यांनी रबराची चकती टेकवून पुढची कडी फिरवली आणि पहिलं भिंग उचललं. चित्र विस्कटायला हवं होतं, तसं ते विस्कटलं. दार पुसट झालं, पडद्याचा पांढरा ढग झाला. माणूस मात्र तसाच होता. कोटाच्या पाठीवरची शिवणसुद्धा दिसत होती. आणि तो आता दारात नव्हता. ढगाच्या आत होता.

तरी त्यांनी दुसरं भिंग काढलं, मग तिसरं. डाग ज्या भिंगावर असेल त्याच्याबरोबर तो जाईल, हा त्यांचा हिशोब. शेवटचं भिंग फडक्यावर ठेवलं. आता नळी मोकळी होती. भिंगच नाही म्हटल्यावर चित्र कुठून येणार? कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं दुधासारखं पांढरं पसरलं होतं.

त्या पांढऱ्यात तो माणूस वाकत होता. कशावर तरी, अगदी हळू... झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने.

"अहो," आतून काकूंचा आवाज आला. "हात किती गार तुमचे."

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एकात कॅमेरा होता, दुसऱ्यात चिमटा.

"अगं... मी इथे आहे. टेबलाशी."

आत खाट करकरली.

"थट्टा पुरे झाली," काकू म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता. "पट्टी नका उचलू... डॉक्टरांनी सांगितलंय ना... अहो..."

चिमटा फरशीवर पडला. पडदा ओढून काका आत धावले. खोलीत काकूंशिवाय कुणी नव्हतं. त्या भिंतीला टेकून आक्रसून बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात खरंच मांड्यांखाली होते. पट्टीचं एक टोक सुटून वर आलं होतं. ओल्या लोकरीचा वास इथे जास्त होता.

"तुम्हीच होता ना?" काकूंनी विचारलं.

काकांनी चिकटपट्टी अंगठ्याने हलकेच दाबून बसवली. "मीच," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी कॅमेरा पाहिला. पांढरं, नुसतं पांढरं. माणूस नव्हता. काकांना हायसं वाटलं. स्क्रू चिमट्याला लागला, खिळी मागे सरली आणि इतका वेळ हटून बसलेली लेन्स टक् करून हातात आली, जणू तिला आता धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं.

शटर वर गेलं. बाईने स्वतःची लेन्स लावून रस्त्याचा फोटो काढला, पायरीचा काढला, काकांचाही काढला. प्रत्येक फोटो तिने निरखून पाहिला. तिचे डोळे भरून आले.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?"

तिचं लक्ष मधल्या दाराकडे गेलं. "तोंड भिंतीकडेच होतं ना, काका?"

काकांनीही पडद्याकडे पाहिलं.

"आत कोण आहे?"

"आमची मंडळी. आजच ऑपरेशन झालंय. डोळ्यात नवं भिंग बसवलंय."

बाईचा चेहरा उतरला. पाठमोरी न होताच ती पायरी उतरली आणि चालू लागली. लेन्सचे तुकडे फडक्यावरच राहिले. ते न्यायला ती नंतर कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. काकूंनी डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पार शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी काकांकडे पाहिलं. "अगबाई, केवढे पांढरे झालात हो. आणि मी आपली काळ्या केसांच्या माणसाशी भांडत होते." काकांना हसू आलं आणि रडूही. रात्रभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

मग काकूंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. परक्या माणसासमोर बसावं तशा त्या सावरून बसल्या.

"अहो," त्यांनी हळूच म्हटलं, "त्यांना बसायला द्या ना. कालपासून उभेच आहेत."

काकांच्या मागे भिंत होती. भिंतीवर दवाखान्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

काका डॉक्टरांच्या अगदी जवळ गेले. "डॉक्टर, बसवलेलं भिंग... परत काढता येतं का?"

डॉक्टर हसले. "अहो, तेच तर म्हणालो ना काल. छान घट्ट बसलंय. आता काय करायचंय काढून?"

काकू बाकावर थोड्या सरकल्या. काका ज्या बाजूला उभे होते तिकडे नाही. दुसऱ्या बाजूला, एका माणसापुरती जागा करून.