न निघालेला मेणा

गप बसा आता, आणि कंदिलाची वात जरा बारीक करा. ही गोष्ट मी रचलेली नाही. येडू दिवट्याच्या तोंडून ऐकलेली आहे, आणि येडू खोटं बोलायचा नाही. तेवढी अक्कलच नव्हती त्याला.

एकोणीसशे एकतीस साल, मार्गशीर्षातली अमावास्या. होटगीजवळच्या गढीतले रावसाहेब नावापुरतेच जहागीरदार उरले होते. मेणा उचलणारे भोई सोलापूरच्या गिरणीत गेले. राहिला एकटा येडू, सरकारांपुढं दिवटी धरून चालणारा. पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय का? लेक पहिल्यांदा माहेरी येणार ती मेण्यातूनच, हा हट्ट! सासर अक्कलकोटकडं, बैलगाडीनं एका दिवसाचं. तरी तीन वर्षं राजाबाईला आणली नाही. तिचा निरोप आला की उत्तर ठरलेलं, "पुढच्या दिवाळीला."

त्या रात्री येडू होटगीहून तेल घेऊन, दिवटी पेटवून परतत होता. ओढ्यापाशी मागून हाक आली.

"येडूकाका... थांब की."

आवाज त्यानं लगेच ओळखला. खांद्यावर खेळवलेली पोर ती! पण दिवट्यानं मागं बघायचं नसतं. मागं सरकारांच्या घरच्या बायका असतात. रीत म्हणजे रीत.

"ताईसाब? एकल्याच? मेणा कुटं हाय?"

"मेण्याची वाट बघून दमले रे. चालतच आले. आबा घरात घेतील ना?"

येडूनं दिवटी उंच धरली. "का न्हाय घेणार? चला."

तो चालू लागला. मागं पावलांचा आवाज नाही... बांगड्यांचा नाही... श्वासाचासुद्धा नाही.

येडूनं मागं पाहिलं नाही.

गढीच्या दारात रावसाहेब उभे होते.

"सरकार, ताईसाब आल्यात. पायी."

रावसाहेबांनी त्याच्या मागं पाहिलं. बराच वेळ.

"येडू... कुणी नाही."

येडू वळला. रस्ता मोकळा.

म्हातारा जहागीरदार उंबऱ्याशी घुटमळला. मग आत जाऊन स्वतःच्या हातानं भाकरतुकडा घेऊन आला. जन्मात असलं काम केलं नव्हतं त्यानं. समोरच्या अंधारावरून तो तुकडा ओवाळला... टाकला.

"ये, राजा. मेणा राहू दे. तू ये."

पहाटे सासरचा माणूस आला. राजाबाई आदल्या दुपारीच तापानं गेली होती. शेवटपर्यंत एकच विचारत होती, मेणा आला का? सवाष्ण गेली, म्हणून अंगभर हळद लावून नेली.

रावसाहेब दारातच खाली बसले. तेव्हा दिसलं.

उंबऱ्यावर ओल्या हळदीची पावलं. आत गेलेली.

बाहेर आलेलं एकही नव्हतं.