तुरटी फिरवलेली बाटली

नळाला गढूळ पाणी आलं होतं. वीज गेलेली. रागिणी ओसरीत बादलीपाशी बसून तुरटीचा खडा पाण्यात फिरवत होती आणि तिचा भाऊ पिंटू मोबाइलचा उजेड धरून उभा होता. दारात खुर्ची टाकून बसलेले नत्थुजी काका बराच वेळ तिच्या हाताकडे पाहत होते.

"पुरे झालं वं," ते म्हणाले. "खडा बाहेर काढून ठेव."

"काका, तुमी तुरटी दिसली का चिडताच," रागिणी म्हणाली. "काहून बरं?"

"चिडत नाई. एका चांगल्या माणसाची तुरटीनं वाट लागली, म्हून बोलतो. देवमन आठवते का? मागच्या गल्लीत राहाचा तो हवालदार."

"बुलेटवाला?" पिंटूनं विचारलं.

"तोच. मागच्या पोळ्याची गोष्ट हाय. त्यानं मले इथंच, या खुर्चीसमोर बसून सांगतली."

पिंटूनं उजेड विझवला. काकांनी सांगितलं ते असं.

देवमनची नेमणूक पातूर-बाळापूर रस्त्यावरच्या एका ठाण्यात होती. गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या वस्तूंना पोलिसांत मुद्देमाल म्हणतात. रक्ताचे कपडे, विषाची बाटली, जे असेल ते बांधायचं, लाखेचं सील मारायचं आणि अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचवायचं, हे देवमनचं काम. तिथल्या प्रियदर्शनी मॅडम त्याला नावानं ओळखत. सील इतकं नीटनेटकं दुसऱ्या कोणाचं नसतं, असं त्या म्हणायच्या. त्याला त्याचा फार अभिमान होता.

त्या श्रावणात ठाण्याच्या हद्दीतल्या किसनरावांची मुलगी प्राजक्ता गेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. प्रेत गावाबाहेरच्या नाल्यात सापडलं. नवरा नितेश म्हणाला, धुणं धुवायला गेली आणि पाय घसरला. किसनराव ठाण्यात येऊन देवमनला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत.

"जमादार, माही पोरगी नाल्यावर काहून जाईन? तिच्या घरामागं विहीर हाय. धुणं तिथंच होते."

डॉक्टरांनी छातीचं हाड तपासायला पाठवलं. मॅडमनी देवमनला समजावून सांगितलं होतं. जिवंत माणूस बुडतो तेव्हा पाणी ओढतो. त्या पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ रक्तातून थेट हाडाच्या मज्जेपर्यंत जातं. प्रत्येक पाण्यातलं शेवाळ वेगळं. म्हणून नाल्याचं पाणी आणा, विहिरीचंही आणा. कोणतं हाडाशी जुळतं ते सूक्ष्मदर्शक सांगेल.

नाल्याचं पाणी दुसऱ्या शिपायानं आणलं, ते तसंच गढूळ गेलं. विहिरीचं देवमननं दोन पंचांसमोर भरलं. पाणी हिरवं होतं आणि वास मारत होतं. ठाण्यात टेबलावर बाटली ठेवून तो पाहत बसला. असं घाण पाणी एवढ्या शिकलेल्या बाईच्या हातात कसं द्यायचं? ठाण्याची काय इज्जत राहील?

त्यानं चहावाल्याकडून तुरटी मागवली.

पाणी फिरवलं, निवळू दिलं. वरचं नितळ पाणी नव्या बाटलीत भरलं. वर सुंदर सील मारलं.

"अरे बाप्पा," रागिणी हळूच म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"देवमनभाऊ, हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं, मॅडम."

"यात तर काहीच नाही. नळाच्या पाण्यातही याहून जास्त असतं."

"मी निवळून आणलं ना. लय घाण होतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "अहो, मला ती घाणच पाहिजे होती."

त्यांनी त्याला पुढचं सांगितलं. हाडात शेवाळ आहे, म्हणजे मुलगी जिवंत असताना बुडाली. पण ते नाल्याच्या पाण्याशी जुळत नाही. ती दुसरीकडे कुठंतरी बुडाली आणि नंतर तिला नाल्यात टाकलं. कुठं, ते विहिरीचं पाणी सांगेल. पुन्हा भरून आणा. आणि हात लावू नका त्याला.

देवमन परत येताना अकोल्याच्या बसस्टँडवर चहासुद्धा प्यायला नाही. ठाण्यात गेल्या गेल्या साहेबांना म्हणाला, उद्याच जाऊन आणतो.

"उद्या पोळा हाय," साहेब म्हणाले. "बंदोबस्त कोन करन? मी?"

पोळ्याच्या दिवशी सकाळीच किसनरावांचा फोन आला. "जमादार, मोटर लावली त्यायनं. विहीर उपसून राहिले. लवकर या." देवमन साहेबांकडे गेला. साहेबांनी हातानंच बंदोबस्ताला जा म्हणून सांगितलं. दिवसभर तो तोरणाखाली बैलांच्या गर्दीत काठी धरून उभा होता. दुपारी फोन आला. मोटर चालूच होती. संध्याकाळी आला. आता विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत होते. प्रत्येक वेळी देवमन एकच म्हणाला, "येतो किसनराव, येतो."

बैल घरी गेले तेव्हा रात्र झाली होती. अमावास्येची.

देवमन प्राजक्ताच्या सासरच्या गावात पोचला. पंच पाहिजे होते. त्यानं दोन-तीन दारं ठोठावली. एक जण पिऊन झोपला होता. दुसरा दारातूनच म्हणाला, "आज अवसेले त्या इहिरीवर? नाई जमत भाऊ." दार बंद झालं.

तो एकटाच गेला.

विहीर घराच्या मागं, निंबाच्या झाडाखाली. घरात अंधार होता. सासरचे सगळे नातेवाइकांकडे निघून गेले होते. ब्लीचिंगचा वास नाकात झोंबत होता.

त्यानं दोराला बादली बांधली. खाली सोडली.

टण...

कोरडा दगड.

पुन्हा सोडली. दुसऱ्या बाजूनं.

टण.

थेंबभरही पाणी नाही. देवमन काठावर बसला. खिशात तुरटीचा उरलेला खडा होता. तो त्यानं अंधारात लांब भिरकावला. मग डोक्याला हात लावून बसून राहिला. बाटली पायाशी होती. रिकामी.

"भाऊ."

आवाज मागून आला. बाईचा. हळू.

त्यानं वळून पाहिलं. कोणीतरी घागर घेऊन उभं होतं. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. शेजारच्या शेतातली असेल, असं त्याला वाटलं.

"पानी पाहिजे ना?"

"हो... पन विहिरीत नाई ना पानी, बाई."

ती पुढं आली. घागर कलती केली. देवमननं बाटली पुढं धरली. दुसऱ्या हातात टॉर्च होता.

पाणी हिरवं होतं. वास तोच. पहिल्या दिवशीचा.

"हे... कुठलं पानी?"

"इथलंच."

टॉर्चचा उजेड तिच्या हातावर पडला. बोटं पांढरी होती. सुरकुतलेली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. बांगडी एकच. तीही तडकलेली.

त्याला उजेड वर न्यायचा होता. हात वर जाईना.

बाटली भरली.

"भाऊ..."

"काय?"

निंबाचं पानही हललं नाही.

"निवळू नका."

त्यानं मान वर केली.

समोर कोणी नव्हतं.

मग आवाज आला. विहिरीच्या तळातून. कोणीतरी घागर दगडावर ठेवली, तसा.

टण.

नत्थुजी काका थांबले. पिंटू कधी रागिणीजवळ सरकून बसला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"मंग?" रागिणीनं विचारलं. "जुळलं का पानी?"

"जुळलं."

देवमननं ती बाटली अमरावतीला नेली. मॅडमनी तपासली, पुन्हा तपासली. शेवाळ तेच होतं. हाडात होतं ते, एकूणएक. प्राजक्ता त्या विहिरीतच बुडाली होती. मॅडमनी त्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडला.

अहवाल ठाण्यात आला. साहेबांनी वाचला आणि देवमनला समोर उभं केलं.

"विहीर पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत कोरडी झाली. साऱ्या गावानं पाह्यलं. ब्लीचिंग टाकलं. अन् तू रात्री तिथून हिरवं पानी आनलं?"

"हो, साहेब."

"पंच?"

"नवते."

"कोनी देल्लं पानी?"

देवमन काय सांगणार?

"कोर्टात वकील पहिल्याच दिवशी तुले आत टाकीन," साहेब म्हणाले. "म्हनन, पुरावा पोलिसानंच बनवला. पहिली बाटली पंचासमोरची. ती तर तूच धुऊन पाठवली."

हे मात्र खरं होतं.

मॅडमनी स्वतः येऊन सांगितलं की असं शेवाळ बनवता येत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. केस आहे तिथंच राहिली. नितेश गावात मोकळा फिरतो. देवमनवर चौकशी लागली. किसनराव दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायचे.

"जमादार, अमरावतीहून आलं का काई?"

"आलं."

"काय आलं?"

"तुमी म्हनता तेच आलं, किसनराव."

"मंग?"

शेवटी देवमननंच लांब बदली मागून घेतली.

"जायच्या आधी इथं आला होता," काका म्हणाले. "त्या रातचं थोडं पानी त्यानं एका लहान बाटलीत वेगळं ठेवलं होतं. मले म्हने, काका, हे तुमच्यापाशी राहू द्या. तुरटी फिरवून पाहा. निवळलं तर मी खोटा. मंग मले भ्रम झाला, असं समजीन अन् सुखानं झोपीन."

"तुमी फिरवली?" पिंटूनं विचारलं.

काकांनी भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं.

रागिणी उठली. मोबाइलचा उजेड लावला. देव्हाऱ्याच्या तेलाच्या शिशीमागं एक लहान बाटली होती. तिनं ती हातात घेतली नाही. उजेड तेवढा जवळ नेला.

पाणी हिरवं होतं. तुरटीचे खडे तळाशी पडले होते. काकांनी वर्षभरात टाकलेले, सगळेच्या सगळे.

एकही विरघळला नव्हता.