हळदीच्या सांजेचा खटका

काम तसं साधंच होतं. घरातला ब्रेकर सारखा पडत होता. तो का पडतो ते बघायचं, दुरुस्त करायचं आणि निघायचं. आष्ट्याची पायल असली कामं चहा निवायच्या आत उरकायची. पण कुंडलच्या शिवारातल्या त्या बंगल्यात ती दुपारी तीनला शिरली आणि तिथंच अडकली, आणि त्या सांजेचं कोडं तिला अजून सुटलेलं नाही. जरा सरकून बसा, सांगतो.

बंगला फौजेतल्या माजी हवालदार मानसिंगचा. चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध दोन वर्षांची, तरी नवीकोरी दिसणारी पिवळी इमारत. मानसिंगची एकुलती लेक संयोगिता, तिचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि आज हळद. नवरदेव म्हसवडचा. त्याच्या अंगाची उष्टी हळद घेऊन पाहुण्यांची गाडी येऊन थांबलेली, आणि दिवेलागणीच्या आत ती पोरीला लागली पाहिजे असं सगळ्या बायांचं एकमत. हळदीच्या घरात बायांचं एकमत होणं हाच खरं तर त्या दिवसाचा पहिला चमत्कार.

माशी शिंकली ती विजेपाशी. सकाळपासून ब्रेकर चारदा पडला होता. संयोगितानं हट्टानं पायललाच बोलावलं होतं. दोघी शाळेत एका बाकावरच्या. पायलनं पुढं आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलं, तेव्हा गावानं तिला हसून घेतलं होतं. तीन वर्षं झाली तरी लोक तिच्याकडं मिक्सर आणि इस्त्र्याच घेऊन यायचे. एवढ्या मोठ्या घराचं हे पहिलंच काम. ते जमलं तर तिचं नाव होणार होतं, आणि फसलं तर "बघा, आमी म्हनलंच हुतं" म्हणणारे मांडवातच बसले होते.

पोर्चच्या कोपऱ्यात बोर्ड होता. पायलनं एकेक लाइन बंद करून एकेक चालू केली. गिझर लावला, मिक्सर फिरवला, मांडवातल्या दिव्यांच्या माळा लावल्या, गाण्याचा डबा सोडला. ब्रेकर ढिम्म. सगळं एकदम चालू केलं तरी खटका वरच.

"झालं गं?" संयोगितानं लांबूनच विचारलं. पिवळी साडी, फुलांचे दागिने, आणि चेहऱ्यावर असलं हसू की पायललाही हसू आलं.

"झालं! बस जाऊन पाटावर."

अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर पाट मांडला होता. चार कोपऱ्यांना चार तांबे, त्यांना सूत गुंडाळलेलं. हळद लावून तिथंच पोरीला न्हाऊ घालायचं होतं. बायांनी गाणं धरलं. संयोगिता पाटाकडं निघाली.

तेवढ्यात पोर्चमध्ये कुणीतरी शिंकलं. चांगली खणखणीत, म्हाताऱ्या माणसाची शिंक. मागोमाग खट् आवाज झाला आणि मांडवातले सगळे दिवे गेले.

मांडवाला चारी बाजूंनी कापड लावलेलं, त्यामुळं आत एकदम अंधुक झालं. पोरासोरांनी आनंदानं आरोळी ठोकली. पायलनं मागं वळून पाहिलं. पोर्चमध्ये ती एकटीच होती. हवेत तपकिरीचा वास मात्र दाटला होता, नाकाला झोंबणारा.

तिनं खटका वर केला. दिवे आले. बायांनी पुन्हा गाणं धरलं, पोरगी पुन्हा निघाली, पुन्हा शिंक आणि पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा म्हसवडच्या पाहुण्या घड्याळाकडं बघायला लागल्या आणि मानसिंग तरातरा पोर्चमध्ये आला.

"डायरेक्ट कर की गं पोरी. एका सांजेचा तर प्रश्न हाय."

"आवं काका, ह्यो पडतोय म्हंजे कुठंतरी करंट गळत आसंल. त्येला बाजूला काढून वायर थेट जोडली, तर काय झालं तरी लाइट बंद हुयाची न्हाई."

"मग घावंना का तुला? पाहुणं ताटकळल्यात. लावू का पलूसच्या वायरमनला फोन?"

हेच बोलणं तिला झोंबलं. ब्रेकर कधी डायरेक्ट करायचा नसतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तरी तिनं वायरचा तुकडा घेतला, ब्रेकरला वळसा घालून दोन्ही टोकं जोडली. आता खटका खाली काय न् वर काय, दिव्यांना फरक पडणार नव्हता. जोडताना तिला स्वतःची लाज वाटली. फक्त तासाभराचा प्रश्न आहे, असं तिनं मनाला समजावलं.

"बसवा पोरीला!" मानसिंग ओरडला.

पायल ब्रेकरसमोरच उभी राहिली, त्याच्यावर डोळे लावून. गाणं सुरू झालं. पैंजण वाजले. एक पाऊल... दुसरं...

तपकिरीचा वास आला. तिच्या कानाजवळच शिंक झाली.

आणि खटका खाली यायला लागला. ब्रेकर पडतो तो झटक्यानं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा मात्र हळूहळू खाली येत होता, कुणीतरी बोट ठेवून दाबावा तसा. पार खाली टेकला तेव्हा खट् वाजलं, आणि दिवे गेले.

जायला नको होते. वीज त्या वाटेनं जातच नव्हती. मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता, पलीकडच्या वस्तीवर दिवे दिसत होते. पायलच्या अंगावर सरसरून काटा आला. बोर्डाला लावलेला हात मागं घ्यायचंही तिला सुचेना.

मांडवात गाणं थांबलं होतं. अंधारातून मानसिंगच्या आईचा, रंगुबाईचा आवाज आला.

"कोन शिंकलं गं?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"पोरीला... मागं घ्या."

संयोगिता दोन पावलं मागं सरली. दिवे आले. खटका खालीच होता.

"आता फुडं ये बगू... येकच पाऊल."

दिवे गेले.

म्हसवडच्या एका पाहुणीनं पदर तोंडाला लावला. रंगुबाई मात्र बसल्या जागी हसत होती.

"मालक हायती," ती म्हणाली. "जित्तेपनी बी आसंच, नाकात तपकीर आन् वर शिंका. कुनी उंबरा वलांडाय लागलं आन् ह्यास्नी शिंक आली, की हात आडवा करायचं. म्हनायचं, जरा दम धर. दोन वर्सं झाली जाऊन, पर नातीच्या हळदीला येतील न्हाईतर काय?"

"आये, गप की..." मानसिंग पुटपुटला. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस, पण आवाज उंदरासारखा बारीक झाला होता.

पायलच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरायला लागली. म्हातारा नातीची हळद कशाला अडवील? तो तिला दुसऱ्याच कशापासून अडवत होता. आणि दिवे जात होते ते पोरगी पाटाजवळ गेली की.

संयोगिताला मागं घेतल्यावर दिवे परत आले. पायलनं पायातले रबरी तळव्याचे बूट घट्ट केले, टेस्टर घेतला आणि चालत पाटापाशी गेली. ती गेली तेव्हा दिवे गेले नाहीत. पाटाला खेटून मांडवाचा लोखंडी खांब होता. नव्या फरशीला चरे पडू नयेत म्हणून मानसिंगनं सगळ्या खांबांखाली लाकडी ठोकळे घातले होते. तिनं खांबाला टेस्टरचं टोक लावलं.

टेस्टर पेटला. लालबुंद.

तिनं माळांची लाइन तोडली, स्टुलावर चढली. वर, खांब आवळणाऱ्या पकडीच्या बोल्टाखाली माळेची वायर चेंगरली होती आणि उघडं तांबं खांबाला चिकटलं होतं. ठोकळ्यांमुळं करंटला जमिनीत उतरायला वाट नव्हती. खांब नुसता भरून बसला होता, वाट बघत. अंगावरून तांब्यातांब्यानं पाणी ओतलेली, ओल्या फरशीवर अनवाणी पोरगी उठताना आधाराला पहिला हात तिथंच लावणार होती. आणि पायलनं ब्रेकर डायरेक्ट केल्यामुळं वीज बंद पडलीच नसती.

ती स्टुलावरून उतरली तसा मानसिंग तिच्यासमोर आला. त्यानं ठोकळे बघितले, पाट बघितला, मग हात जोडले.

"चुकलं माझं, पोरी."

"माझं बी चुकलं, काका. वायर मीच जोडली न्हवं?" असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. संयोगितानं येऊन तिला मिठी मारली, तेव्हा दोघी रडल्या आणि दोघी हसल्या.

पायलनं माळेची वायर बदलली, सगळे खांब तपासले. डायरेक्ट केलेला तुकडा उपसून फेकला. जुना ब्रेकर काढून पिशवीत टाकला, नवा बसवला, त्याचं चाचणीचं बटण दाबून दोनदा पाडून बघितला. तोवर म्हसवडच्या हळदीच्या वाटीवरचं लाल फडकं सुटलंही नव्हतं.

"आता बसवा," ती म्हणाली.

संयोगिता पाटाकडं निघाली. सगळ्यांनी श्वास धरला. पाऊल पडलं, दुसरं पडलं, ती पाटावर टेकली. दिवे लख्ख.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! गाण्याचा डबा आकाशाला भिडला. बायांनी नवरीला माखलं, एकमेकींना माखलं, पायलला धरून केसांपासून बुटांपर्यंत पिवळी केली. मानसिंग पळून उसात शिरला, तिथून त्याला ओढून आणलं. गुडघे दुखतात म्हणून चार महिने कण्हणारी रंगुबाई फुगडी खेळली. मध्येच थांबून पोर्चच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "बगितलासा न्हवं?" आणि लाजली. ज्यांना "आमी म्हनलंच हुतं" म्हणायचं होतं त्यांनी पायलचा नंबर मागून घेतला. निघताना तिच्याकडं पाच घरांची कामं होती. परतीच्या वाटेवर ती स्कूटीवर मोठमोठ्यानं गात गेली.

लग्न पार पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, तिनं आपल्या ओसरीवर बसून पिशवीतला जुना ब्रेकर काढला. त्यात नेमकं काय बिघडलं होतं, ते बघायचं राहून गेलं होतं. तो रिबिटांनी बंद असतो, उघडायचा म्हणजे रिबिटं फोडावी लागतात. तिनं ती ड्रिलनं फोडली आणि दोन्ही अर्धुकं वेगळी केली.

आतली स्प्रिंग तुटलेली होती. तुटलेल्या दोन्ही टोकांवर जुना गंज चढला होता. कालपरवाची मोड नव्हे, वर्ष-दोन वर्षांची. त्या स्प्रिंगशिवाय खटका वर टिकतच नाही. पायलनं अर्धुकं जुळवून खटका वर करून बघितला. वर केला की सोडल्या क्षणी तो खाली पडायचा. पुन्हा केला, पुन्हा पडला. म्हणजे इतके महिने, दिवस-रात्र, त्या घरात तो कुणीतरी धरून ठेवला होता.

तिनं खटका उलटा केला. आतल्या बाजूला, जिथं कुणाचं बोट जाऊच शकत नाही तिथं, हळद लागली होती. एका अंगठ्याएवढी.

तिनं हात लावून बघितला. हळद ओली होती.