चौकटीखालची निळी

आधी त्याची शिडी आली, मग तो. थेट माझ्या चित्रातल्या बाईसमोर.

"अहो, मी हिची नक्कल करतेय!"

"करा की. मी हिची चौकट दुरुस्त करतोय. बाई एक, गिऱ्हाइकं दोन."

संग्रहालयाच्या त्या दालनात मी पाच आठवडे ठाण मांडून होते. जुन्या उस्तादाचं तैलचित्र जसंच्या तसं उतरवायचं; आमचे चित्रकलेचे सर 'हुबेहूब' म्हणाले, तरच जिवंत माणूस समोर बसवून रंगवायची परवानगी. बाईची तपकिरी शाल तर मला अगदी साधली होती.

त्याने चित्र उतरवलं, चौकट काढली... आणि गप्प झाला. बडबड्या माणूस गप्प झाला की मी सावध होते.

"इकडे या. हात नका लावू."

चौकटीखाली वर्षानुवर्षं झाकलेली बोटभर पट्टी. तिथे शाल निळी होती — लखलखीत, कुणाचं न ऐकणारी निळी.

"वरचं वॉर्निश काळवंडलंय. बाई तपकिरी नव्हतीच कधी."

"म्हणजे पाच आठवडे मी मळ रंगवला?"

"मळ मात्र... सुरेख जमलाय हं."

हसू येऊ नये म्हणून मी ओठ चावला. ते त्याने पाहिलं, हे मी पाहिलं.

मी शाल निळी करायला घेतली. तो रोज यायचा.

"एका खिळ्याला चार दिवस?"

"खिळा हट्टी आहे."

"खिळाच ना?"

"...आणखी कोण!"

पाचव्या दिवशी सर आले. "समोर दिसते ती शाल कुठल्या रंगाची?"

"तपकिरी. पण सर, उस्तादाने रंगवली ती निळी."

"तपकिरी कर. नाहीतर जिवंत माणूस विसर."

रात्री आई फोनवर म्हणाली, "कर गं बाई, तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सरांसमोर मी ब्रश पुसला, शाल नाही. "नाही करणार, सर."

माझं चित्र काखेत मारून तडक चौकटवाल्याच्या कारखान्यात गेले. तो लाकूड तासत होता.

"चौकट हवीये. पण कड झाकायची नाही."

"मग चौकट कशाला?"

"यायला काहीतरी निमित्त नको?"

त्याच्या हातातला रंधा थांबला. "आणि परवानगी?"

"सरांनी नाही दिली. म्हणून तुझी मागतेय... बसशील समोर?"

त्याने केसांतला भुसा झटकला. "किती दिवस?"

"तैलरंग आहेत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. महिने जातील."

"आणि मग?"

"मग दुसरं चित्र."

तो स्टूल ओढून बसला. कान लालबुंद झाले होते त्याचे... मी पहिला रंग तोच कालवला.