‘सोडा’ म्हणेपर्यंत

शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, शाळेच्या तळघरात, नाचाच्या तासाला एका लहान मुलीने शेजारचा हात धरला.

शेजारी कुणी नव्हतं.

ही गोष्ट रचलेली नाही. त्या मुलीच्या आईने ती स्वतः सांगितली आहे. तासाला हजर असलेल्या मोठ्या मुलांना वेगवेगळं गाठून विचारलं, तरी सांगण्यात फरक पडला नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांना पटवायचा हट्ट नाही.

मुलीची आई त्याच शाळेत नाच शिकवायची. वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. प्राथमिकची लहान मुलं आणि माध्यमिकची मोठी, असा एकत्र गोल नाच बसवायचा होता. वरच्या हॉलमध्ये रंगकाम निघालं, म्हणून तालीम तळघरात. लांबट खोली, जुनी फरशी, मधोमध गटाराची लोखंडी जाळी. पूर्वी तिथे काय धुवायचे कुणास ठाऊक.

नाच काही बसेना. मोठी मुलं लहानांचे हात धरायलाच तयार नव्हती.

“बाई, याचा हात चिकट आहे!”

“बाई, हिने आत्ता त्याच हाताने नाक पुसलं. मी बघितलं.”

सगळ्यांत जास्त नखरे आठवीतल्या एका उंच मुलाचे. त्याला सगळे लंबू म्हणत. तो लहान मुलांना दोन बोटांत धरायचा, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा.

शेवटी बाईंनी नियम केला.

“आजपासून कुणी ‘ई’ म्हणायचं नाही. आधी डोळे मिटायचे, मग चाचपडून शेजारचा हात धरायचा. कुणाचाही असो, कसाही असो. आणि मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. कळलं का, लंबूमहाराज?”

“हो बाई. नंतर हात धुवायला तरी सोडाल ना?”

सगळे खो-खो हसले.

बाईंची मुलगी ठकी तिसरीत होती. तीही याच नाचात होती. शाळेत आईला ‘बाई’ म्हणायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. सगळ्यांत मोठ्याने “हो बाई” तीच म्हणाली. आईचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

मुलांना एका तालावर आणायची बाईंची एक पद्धत होती. गोल करून, डोळे मिटून उभं राहायचं. बाई शेजारच्या मुलाचा हात हलकेच दाबत. त्याने पुढच्याचा दाबायचा. दाब फिरत फिरत बाईंच्या दुसऱ्या हातात परत यायचा.

त्या शनिवारी दाब निघाला...

आणि वास आला.

ओलं फडकं डब्यात कोंबून विसरून जावं, तसा. गोडसर. घशात जाऊन बसणारा.

जाळीतून येत असेल, बाईंना वाटलं.

मग आवाज. टप्... टप्...

खोलीत नळ नव्हता.

तरी कुणी ‘ई’ म्हटलं नाही. बाईंना क्षणभर कौतुकच वाटलं. नियम पाळतायत पोरं.

त्यांनी डोळे उघडले.

समोर लंबू आणि ठकी यांच्यामध्ये जागा मोकळी होती. एका मुलाएवढी.

पण दोघांचेही हात त्या मोकळ्या जागेत पुढे आलेले होते. बोटं मिटलेली... काहीतरी धरल्यासारखी.

लंबूच्या बोटांतून पाणी गळत होतं. करडं. दाट. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि गाल फुगले होते.

दाब त्याच्यापर्यंत पोहोचला. त्याने मूठ आवळली.

पच्...

सडलेलं फळ बोटाखाली फुटावं, तसा आवाज झाला.

मग ठकीच्या हाताच्या पाठीवर खळगे उमटले. बारीक बारीक. पलीकडून कुणीतरी दाबल्यासारखे.

ठकीने डोळे मिटूनच पुढच्या मुलीचा हात दाबला. तिने पुढच्याचा. दाब गोल फिरून बाईंच्या हातात आला.

जे कुणी होतं, त्याला खेळ येत होता.

लंबू भडाभडा ओकला. गोल तुटला. किंकाळ्या सुरू झाल्या. बाईंनी ठकीला उचललं, बाकीच्यांना पुढे घातलं आणि जिना गाठला.

‘सोडा’ म्हणायचं राहून गेलं.

वर बेसिनपाशी लंबू उभा होता.

“बाई, मी ‘ई’ म्हटलं नाही,” तो रडत म्हणाला. “छोटा हात होता. पाण्यात भिजलेल्या पावासारखा. वरची कातडी सरकत होती... तुम्ही म्हणालात कसाही असो, म्हणून धरला.”

त्याच्या तळहाताला करडा पापुद्रा चिकटला होता. त्यात एक नख. इवलंसं, भिजून मऊ पडलेलं. लंबूची सगळी नखं जागच्या जागी होती.

बाईंनी त्याचा हात नळाखाली धरला, आणि त्याही तिथेच ओकल्या.

ठकी मात्र बाजूला उभी होती. डावी मूठ घट्ट मिटून.

सोमवारी शिपाईमामांनी जाळी उचकटली.

“बाई, आत ठणठणीत कोरडं आहे. ही लाइन केव्हाच बुजवलीय. नुसती माती.”

“मग वास कुठून येतो, मामा?”

“वास येतो खरा. पण खालून नाही येत.” मामा जरा घुटमळले. “राग मानू नका. ठकीला एकदा नीट आंघोळ घाला.”

बाईंना राग आला. घरी जाऊन त्यांनी आंघोळ घातली. गरम पाणी, साबण, जंतुनाशक. हात लाल होईपर्यंत घासला. वास गेला नाही.

आता ठकी झोपते, तेव्हा तिचा डावा हात पलंगाबाहेर लोंबत असतो. सकाळी त्याखालची फरशी ओली असते. फडक्याने पुसली की फडकं टाकूनच द्यावं लागतं.

एके सकाळी बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तासाला म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सोडा!”

“मी तर केव्हाच सोडला, आई,” ठकी म्हणाली. “त्याने नाही सोडला.”

तळघराला कुलूप लागलं. लंबूने नाच सोडला, तो बरा आहे. बाई रोज रस्ता ओलांडताना ठकीचा उजवा हात धरतात. डाव्या बाजूला गेल्या, की ती म्हणते, “तिकडे जागा नाही.”

काल शाळा सुटल्यावर त्यांनी तिचा उजवा हात धरला.

ठकीने तो हिसका देऊन काढून घेतला. फ्रॉकला खसाखसा पुसला. नाक मुरडलं.

“ई... किती कोरडा आहे गं तुझा हात!”