संडासाखालची शिंक

कुन्झेसनं फावडंभर राख संडासाच्या भोकातून खाली टाकली, आणि खालून कोणीतरी शिंकलं!

ती जागच्या जागी थिजली. वरून राख टाकून मैल्याचं खत करायच्या त्या खालच्या अंधाऱ्या खोलीत खताशिवाय काय असणार? तिनं धीर करून आणखी थोडी राख सोडली. पुन्हा शिंक! मग काहीतरी जड, मऊ पावलांनी या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेलं. फावडं तिथंच टाकून ती स्वयंपाकघराकडे धावत सुटली.

"अजंगले, संडासाखाली कोणीतरी आहे!"

चुलीशी बसलेल्या अजंगांना, तिच्या मामांना, चहाचा ठसकाच लागला. "आली लेहची पोर! दर सुट्टीत आमच्या संडासाला घाबरते!"

"शिंकलं हो ते!"

"मग त्याला काढा पाज," मामेभाऊ जिगमेत म्हणाला. पण तिचे पांढरे पडलेले ओठ पाहून त्याचं हसू विरलं.

"चहा झाला की मी निघालोच तिकडे," अजंग म्हणाले. "उरलेलं खत काढायचंय. भूत भेटलं तर त्याच्याच हाती फावडं देतो!"

कुन्झेसला खालची खत काढायची खोली आठवली. त्या खोलीचं दार जेमतेम गुडघाभर उंच. आत जायचं तर डोकं पुढं घालून रांगावं लागे!

"काल दार कधी लावलंत, अजंगले?"

"अर्धं खत काढून शेजारी छांग प्यायला गेलो होतो. अंधार पडल्यावर आलो नि लावलं."

"म्हणजे तोवर उघडंच? आत पाहिलंत?"

"खतात काय पाहायचं, गं?"

जिगमेतनं धाकट्या निल्झाला डोळ्यानं खुणावलं. निल्झानं वडिलांचा एक बूट उचलला आणि गुपचूप पिठाच्या पेटीत दडवला. अजंग "बूट कुठं गेला माझा?" म्हणून घर डोक्यावर घेत होते, तोवर तिघं संडासात पोचलीसुद्धा!

जिगमेतनं मोबाईलचा दिवा लावून त्याला दोरी बांधली. "तू सोड. शिंक तुझी आहे!"

कुन्झेसनं दोरी भोकातून सोडली. उजेड हळूहळू खाली उतरला. खताचा ढीग दिसला, दगडी भिंत दिसली, मग जाडजूड, ठिपक्यांची शेपटी. आणि दोन हिरवे डोळे!

"शान!" जिगमेत कुजबुजला. हिमबिबट्या! निल्झानं किंचाळी येऊ नये म्हणून हातमोजाच तोंडात कोंबला.

"कुठल्या कार्ट्यानं माझा..." एका बुटावर लंगडत आलेल्या अजंगांना कुन्झेसनं नुसतं बोट दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"मी... मी डोकंच घातलं असतं आत!"

"गावाला बोलावू?" जिगमेतनं विचारलं.

"नको! सगळे दगड घेऊन येतील, तो आणखी बिथरेल," कुन्झेस म्हणाली. "दाराच्या खुंटीला दोर बांधू आणि धाब्यावरून ओढू. दार उघडलं की तो आपला आपण जाईल."

"दोर मी बांधतो. दार मीच लावलं होतं," अजंग म्हणाले. "तू उजेड धर. तो दाराकडे आला तर ओरड!"

पोरं धाब्यावर गेली. कुन्झेस एकटीच भोकाशी पालथी पडून राहिली. बाहेर बर्फात बूट करकरले. बिबट्याचे कान वळले, तो उठला आणि दबकत दाराकडे निघाला.

"आला, अजंगले, आला!"

"गाठ बसेना! बोटं गारठलीत!"

धाडकन पंजा दारावर बसला. फळी करकरली. कुन्झेसला रडू फुटत होतं, पळून जावंसं वाटत होतं. पण तिनं तोंड भोकाशी नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ए! इकडे! वर बघ!"

त्यानं वर पाहिलं. आणि झेप घेतली! तिच्या तोंडाखालच्या लाकडावर नख्या खरवडल्या, गरम श्वास गालाला लागला. तरी ती हलली नाही. डोळे गच्च मिटून ओरडतच राहिली. तेवढ्यात बाहेरून अजंग ओरडले, "बसली गाठ!"

"पळा, आबाले! ओढतोय!" वरून जिगमेतनं वडिलांना ओरडून सांगितलं.

दार उघडलं, खोलीत लख्ख ऊन शिरलं. राखेनं माखलेला बिबट्या बाणासारखा सुटला, कुंपण ओलांडून कड्याकडे पळाला आणि दिसेनासा झाला.

तेव्हा कुठं कुन्झेस हमसून हमसून रडली.

आरडाओरडा ऐकून गाव गोळा झालं. अजंगांनी सर्वांसमोर सांगून टाकलं, "दार उघडं टाकणारा मी, न पाहता लावणाराही मीच! या पोरीमुळं आज जिवंत आहे." गावच्या प्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अशी हिंमत मोठ्यांतही पाहिली नाही, बेटा."

संध्याकाळी थुक्पा पिऊन सगळे चुलीशी बसले होते. अजंग उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पुन्हा उठले. शेवटी ते कुन्झेसच्या कानाशी वाकले.

"जरा संडासापर्यंत येतेस का गं? उजेड धरायला."