नवव्या वळणावर

शनिवारी दुपारी भांडी विसळून ती कंप्युटरशी बसली. नोकरी भूमापन कचेरीत नकाशे काढायची. छंद मोटारशर्यतीच्या गेममध्ये घालायला नवे रस्ते बनवण्याचा. कोणीही डाउनलोड करावेत, खेळावेत. मात्र काम काटेकोर. परक्याची फाइल तपासल्याशिवाय उघडायची नाही आणि आपली दिली तर सोबत तिचा पडताळ्याचा आकडा द्यायचा. फाइलमध्ये कोणी ठिपका जरी बदलला तरी तो आकडा बदलतो, लबाडी लगेच कळते.

या नियमांतून एकच माणूस सुटला होता. गॅरेजमध्ये इंजिनं दुरुस्त करायचा. गेम खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर सगळे त्याला ‘पाना’ म्हणत. तिच्या रस्त्यांवरच्या गाड्यांना आवाज तो द्यायचा. नऊ वर्षांत भेट एकदाही नाही, पण अर्धवट कामसुद्धा ती डोळे मिटून त्याच्याकडे पाठवायची.

त्या दुपारी तिने फोरम उघडला. तिने बनवून पानाकडे पाठवलेला घाटरस्ता तिथे होता. चार हजार लोकांनी तो डाउनलोड केला होता.

तो रस्ता लोकांना वाटण्यासाठी नव्हताच. सतरा वर्षांपूर्वी खऱ्या घाटात नवव्या वळणावरून वडिलांची गाडी नदीत गेली होती. गाडी सापडली, वडील सापडले नाहीत. किती वेगात ते वळण चुकू शकतं, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. ‘कोणाला देऊ नकोस,’ असं तिने पानाला दोनदा बजावलं होतं. आणि त्यानेच केसाने गळा कापला.

खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘नवव्या वळणावरचा माणूस लाजवाब. हात दाखवून गाडी थांबवतो. कसं जमवलंत?’

तिने रस्त्यावर एकही माणूस घातला नव्हता.

तिने फोरमवरची फाइल उतरवली, आकडा काढला, आपल्या फाइलच्या आकड्याशी ताडला. तंतोतंत जुळला. मग गाडी चालवून बघितली. नवव्या वळणावर कठडा, खडी, ऊन. बाकी काही नाही.

तिने पानाला फोन लावला.

“तू टाकलास?”

“हो. इतकं चांगलं काम तू कुजवत ठेवणार होतीस.”

“मी नको म्हटलं होतं.”

“चुकलंच माझं.”

“आणि तो माणूस?”

त्याच्या मागची ठोकाठोक थांबली. “करड्या शर्टातला? तूच घातलायस ना? पहिल्या दिवसापासून आहे तो.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तोच म्हणाला, तिला विचारू नकोस.”

“फाइल काढून टाक,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

ऊन उतरेपर्यंत तिने चाळीस फेऱ्या मारल्या. जोरात, हळू, थांबत थांबत. चार हजार परक्यांना दिसतो तो, आणि मला नाही?

शेवटी तिने फोरमवर विचारलं: तो काय बोलतो?

एका निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं. ‘काचेतून आत वाकून बघतो. विचारतो, चिमी नाही ना सोबत? नाही म्हटलं की हायसं वाटतं त्याला.’

फोरमवर ती ‘नकाशेवाली’ होती. ‘चिमी’ अशी हाक तिला एकच माणूस मारायचा.

त्याखाली दुसऱ्या कोणाचं तरी उत्तर आलं.

‘आज दुपारपासून उभा नाही तो. कठड्यामागे खाली बसलाय, तोंडावर हात दाबून. कोणापासून लपलाय हो?’